फोनचा डिस्प्ले कडेने उचललाय, नेमका कोणता गम लावू?

आगळवाला_गुहागर

नमस्कार मंडळी.

आईच्या फोनचा डिस्प्ले एका कडेने फ्रेमपासून सुटलाय. काच फुटलेली नाही, टच व्यवस्थित चालतो, रंगही ठीक आहेत. पॉवर बटणाच्या बाजूला, कडेच्या मधोमध, नख शिरेल एवढी फट आहे. रात्री दिवा बंद केला की त्या फटीतून पांढरट उजेड दिसतो. बोटाने दाबला की बसतो, सोडला की हळूहळू परत वर येतो. साधा अँड्रॉइड फोन आहे, पाठ प्लास्टिकची, वॉरंटी कधीच संपली.

आई कोकमाचं आगळ, सोलं आणि फणसपोळी विकते. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर. त्यामुळे फोन दुकानात ठेवून यायचं म्हटलं की तिचा जीव खालीवर होतो. चिपळूणच्या एका दुकानात दाखवला तर "गम टिकणार नाही, आख्खा फोल्डर (काच, टच आणि डिस्प्ले मिळून एकच भाग) बदला" असं सांगितलं. चांगला चालणारा डिस्प्ले काढून टाकायचा हे मला पटत नाही.

घरात फेव्हिक्विक, फेव्हिबॉन्ड आणि ॲरल्डाइट आहे. ऑनलाइन शोधलं तर बी-७०००, टी-७०००, टी-८०००, यूव्ही गम, लाल कागदाची दुहेरी टेप असं काय काय दिसतं. सगळ्यांवर "मोबाइल स्क्रीन रिपेअर" हेच लिहिलेलं. यातलं कुठलं घेऊ? पावसाळा आहे, हवा दमट, घर खाडीपासून जवळ, हेही लक्षात घ्या.

सडाफटिंग

एवढा विचार कशाला? टी-७००० ची छोटी ट्यूब मागवा, फटीत भरा, रबर बँड लावून रात्रभर ठेवा. माझा टॅब असाच चिकटवलाय, मस्त चालू आहे. फक्त फेव्हिक्विक नको.

चिमटेवाली_मिरज

आगळवाले भाऊ, गम मागवायच्या आधी थोडं थांबा. मी मिरजेत मोबाइल दुरुस्तीचा काउंटर चालवते. तुमच्या लिहिण्यातल्या एका गोष्टीची मला काळजी वाटली, म्हणून आधी तेच विचारते.

डिस्प्ले पडल्यामुळे सुटला तर बहुतेक कोपऱ्यातून सुटतो. तुमचा सुटलाय कडेच्या मधोमध, आणि दाबून सोडला की परत वर येतो. म्हणजे खालून कोणीतरी ढकलतंय. फोनच्या मधोमध काय असतं? बॅटरी.

तर हे करा. फोनचं सिलिकॉनचं कव्हर काढा. कव्हर सगळं झाकून ठेवतं, म्हणून महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. मग फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवा. डुगडुगतो का, जागच्या जागी फिरतो का, बघा. मागच्या झाकणाच्या शिवणीवरून नख फिरवा, तिथेही फट लागते का बघा. आणि हे सांगा की आई फोन चार्जिंगला कुठे लावतात.

हे कळेपर्यंत डिस्प्ले दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. रबर बँड तर अजिबात लावू नका. सडाफटिंग, तुमच्या टॅबचं चांगलं झालं, पण आत बॅटरी फुगलेली असेल आणि वरून रात्रभर रबर आवळले तर त्या फुगलेल्या पिशवीवरच जोर येतो. तसं कोणी करू नये.

आगळवाला_गुहागर

ताई, बरोबर ओळखलंत. कव्हर काढलं तर फोन टेबलावर डुगडुगतोय. मागच्या झाकणालाही त्याच बाजूला फट आहे. आम्हाला वाटायचं झाकणाची क्लिप सैल झाली असेल. चार्जिंग स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या फळीवर होतं, कारण तिथेच प्लग आहे.

आता काय करू? फोन फुटेल का?

चिमटेवाली_मिरज

घाबरू नका, पण आजच फोन बंद करा आणि परत चार्जिंगला लावू नका. आत चार्ज उरला असेल तर बंद करण्याआधी व्हॉट्सॲपचा बॅकअप घेऊन टाका. सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घाला, आईंचं काम तिथून चालेल. फोन उशीखाली, कपाटात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उघड्यावर, फरशीवर, सावलीत ठेवा.

हे होतं कसं ते सांगते. लिथियमच्या बॅटरीत जे द्रव असतं ते उष्णतेने आणि वयाने विघटन पावून वायू तयार होतो. बॅटरी म्हणजे बंद पिशवी, वायू जाणार कुठे? अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी मागच्या झाकणाखाली असते, तिच्या आणि डिस्प्लेच्या मध्ये फ्रेमचा पातळ पत्रा. म्हणून आधी मागचं झाकण उचलतं. फुगणं वाढलं की तो पत्रा वाकतो आणि पुढचा डिस्प्लेही वर येतो. तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी फट आहे, त्यामुळे मला शंका उरलेली नाही. शेगडीवरच्या फळीवर चार्जिंग म्हणजे बॅटरीला दोन्हीकडून ताप: स्वतःच्या चार्जिंगचा आणि खालून आचेचा.

चिपळूणला "गम टिकणार नाही" म्हणाले ते एका अर्थी खरं आहे. खालून जोर असताना जगातला कुठलाच गम टिकणार नाही. पण म्हणून चांगला फोल्डर बदलायचा? नवा फोल्डर बसवला असता तर तोही उचलला गेला असता. बदलायची आहे ती बॅटरी, आणि ती दुकानातच बदलून घ्या. बॅटरी खाली टेपने चिकटवलेली असते. फुगलेली बॅटरी घरी स्क्रू-ड्रायव्हरने किंवा चाकूने उचकटणं फार धोक्याचं आहे, टोचली की पेट घेते. हीट गन मारून सैल करू पाहणंही तसंच.

काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा मागायला संकोच नको.

बॅटरी बदलून झाली की मला सांगा. गमाचं मग बोलू, आणि नीट बोलू.

रंगरसायन_डोंबिवली

चिमटेवाली ताईंनी महत्त्वाचं आधी सांगितलं. तोपर्यंत गमांच्या रसायनाबद्दल मी थोडं लिहितो. माझं काम औद्योगिक चिकटद्रव्यांचं आहे, मोबाइलचं नाही, पण नियम तेच लागतात.

फेव्हिक्विकच्या जातीच्या गमाला सायनोॲक्रिलेट म्हणतात. तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून कोकणच्या हवेत तर क्षणात धरतो. धरता धरता त्याची थोडी वाफ बाहेर पडते आणि जवळपासच्या पृष्ठभागावर बसून पांढरी बुरशीसारखी पूड होते. बंद फोनच्या आत ही पूड पुढच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर आणि सेन्सरवर बसते, आणि ती सहज पुसून निघत नाही. शिवाय हा जोड कडक आणि ठिसूळ. ओढ सहन करतो, धक्का आणि सोलणं सहन करत नाही.

ॲरल्डाइट म्हणजे इपॉक्सी. ताकद भरपूर, पण लवचीकपणा नाही, आणि फोनला तोच लागतो. एक हिशेब देतो. डिस्प्लेची लांबी १६ सेंटिमीटर धरा. उन्हात ठेवलेला फोन ३० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियमची फ्रेम साधारण ०.११ मिलिमीटर वाढते, काच मात्र ०.०४ च्या आसपास. उरलेला ०.०७ चा फरक जोडानेच सोसायचा असतो. रबरासारखा गम तेवढा ताणला जातो. इपॉक्सी ताणला जात नाही, तो ताण काचेकडे ढकलतो. प्लास्टिकची फ्रेम तर ॲल्युमिनियमपेक्षाही जास्त वाढते.

फेव्हिबॉन्ड रबराचा आहे म्हणून चालेल असं वाटेल. तो दोन्ही बाजूंना लावून, थोडा सुकवून, एकदाच टेकवायचा गम आहे. टेकवला की सरकवता येत नाही. थर जाड बसतो आणि उष्णतेत मऊ पडतो. चप्पल आणि रेक्झिनला उत्तम. फोनच्या फ्रेमवर डिस्प्ले टेकतो त्या मिलिमीटरभर पायरीला नाही.

आणखी एक धोक्याची सूचना, कारण हा सल्ला मी बऱ्याच ठिकाणी वाचलाय. "वॉटरप्रूफ करायचं असेल तर माशांच्या टाकीचा सिलिकॉन लावा." व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो. बंद जागेत ते तांब्याला आणि कनेक्टरला खातं. वर सिलिकॉनचा अंश एकदा राहिला की त्या जागी पुढे कुठलाच गम किंवा टेप नीट धरत नाही.

सोलापूरकर_७१

मला एक विचारायचंय. माझ्या फोनची फक्त वरची काच तडकली आहे, खालचं चित्र आणि टच ठीक आहे. ऑनलाइन नुसती काच स्वस्तात मिळते, सोबत यूव्ही गमची बाटली आणि छोटी टॉर्च. हे घरी जमेल का? की बी-७००० ने काच चिकटवू?

चिमटेवाली_मिरज

सोलापूरकर काका, हे काम पूर्ण वेगळं आहे, आणि ते घरी करू नका असंच सांगेन.

आगळवाल्या भाऊंना फोल्डर फ्रेमला चिकटवायचाय, म्हणजे गम फक्त कडेला, नजरेच्या बाहेर. तुम्हाला काच पॅनेलला, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या थराला, चिकटवायची आहे, म्हणजे गम संपूर्ण चित्रावर, नजरेच्या आड. तिथे बी-७००० लावला तर बुडबुडे आणि लाटा दिसतील. तिथे ओसीए लागतं, म्हणजे काचेइतकीच पारदर्शक चिकट फिल्म, किंवा तिचा द्रव प्रकार, जो यूव्ही दिव्याखाली घट्ट होतो. काच आणि पॅनेलच्या मध्ये हवा राहिली तर प्रकाश परावर्तित होऊन चित्र फिकं दिसतं, म्हणून हा थर पूर्ण भरलेला हवा.

त्याआधी जुनी काच वेगळी करायची. डिस्प्ले ८० अंशांच्या आसपास तापलेल्या प्लेटवर ठेवून, केसासारखी बारीक तार काच आणि पॅनेलच्या मधून ओढत न्यायची. मग जुनं ओसीए साफ करायचं, मग निर्वात मशीनमध्ये नवी काच बसवायची, मग दाबाच्या डब्यात बुडबुडे काढायचे. ज्या दुकानात ही मशीनं आहेत तिथे काच बदलून मिळते. फोनचा पडदा ॲमोलेड (स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचा) असेल, त्यातही वळलेल्या कडेचा, तर पॅनेल जायची शक्यता आधीच मान्य करून काम द्या. टॉर्चवाल्या किटमधला पातळ गम उघड्यावर ओतला की कडेने पाझरतो, कानाजवळच्या स्पीकरच्या जाळीत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. टेम्पर्ड ग्लास लावताना असा गम बटणात शिरलेले फोन माझ्याकडे नेहमी येतात.

आगळवाला_गुहागर

ताई, बॅटरी बदलून झाली. चिपळूणलाच दुसऱ्या दुकानात गेलो. आधी जुनी काढून दाखवा म्हटलं. बाहेर आली ती उशीसारखी. त्यांनी नवी घातली, मागचं झाकण नीट बसलं. पुढचा डिस्प्ले मात्र अजून त्या बाजूला सैल आहे. ते म्हणाले "चिकटवून देतो", पण त्यांच्या हातात झटपट गमाची ट्यूब बघून मी नको म्हटलं. आता घरी मी स्वतः करतो. तुम्ही सांगाल तसं.

चिमटेवाली_मिरज

छान केलंत. आता गमाचं सांगते, सविस्तर.

आधी तुमच्या डिस्प्लेची जात. फटीतून उजेड येत होता म्हणालात, म्हणजे मागे बॅकलाइट आहे, म्हणजे हा एलसीडी. ॲमोलेडला मागचा दिवाच नसतो. हे कळणं गमासाठी महत्त्वाचं आहे. एलसीडीच्या मागे प्रकाश पसरवणारे पातळ कागद असतात आणि गम जास्त झाला की त्यांच्यात ओढला जातो. मग पडद्यावर कडेला ओल्या डागासारखा पट्टा दिसतो. तो परत जात नाही. म्हणून तुमच्यासाठी पहिला नियम, गम कमी.

आता कोणता. कारखान्यात फोल्डर फ्रेमला बसवताना बहुतेक गरम पॉलियुरेथेनचा गम मशीनने बारीक धारेत सोडतात, किंवा त्याच आकाराची कापलेली टेप वापरतात. तो गरम गम नंतर हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो आणि थोडा लवचीक राहतो. आपल्याला ते मशीन नको. त्याच्या जवळ जाणारा, दुकानात रोज वापरला जाणारा गम म्हणजे बी-७००० आणि टी-७०००. दोन्ही सुकल्यावर रबरासारखे, धक्का सोसतात आणि गरम केले की सुटतात. हे सुटणं मला पकडीइतकंच महत्त्वाचं वाटतं. उद्या या फोनची चार्जिंगची पट्टी गेली, पुन्हा डिस्प्ले काढायची वेळ आली, तर जो कोणी समोर बसेल त्याला तो न फोडता काढता आला पाहिजे. इपॉक्सीने चिकटवलेला फोल्डर माझ्याकडे आला की मी मालकाला आधीच सांगते, हा निघताना तुटणार. चांगला डिस्प्ले केवळ गमापायी मोडताना मला फार वाईट वाटतं.

बी-७००० पारदर्शक, टी-७००० काळा. टी-८००० हाही पारदर्शकच, तुम्हाला त्याची वेगळी गरज नाही. तुमच्या फोनची फ्रेम काळी किंवा गडद असेल तर टी-७००० घ्या, कडेने गळणारा उजेडही तो अडवतो. फ्रेम पांढरी, सोनेरी असेल तर बी-७०००, नाहीतर कडेला काळी रेघ दिसत राहील. १५ मिलिलिटरची ट्यूब पुरून उरते. मोठी घेऊ नका, एकदा उघडली की तोंडाशी सुकत जाते.

दुहेरी टेप वाईट नाही, उलट डिस्प्ले पूर्ण बाहेर काढलेला असेल आणि फ्रेमची पायरी दोनेक मिलिमीटर रुंद, सपाट असेल तर मी टेपच वापरते. काम स्वच्छ होतं, सुकायची वाट बघावी लागत नाही, फक्त पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस जातात. पण तुमचा डिस्प्ले तीन बाजूंनी अजून घट्ट आहे. टेप लावायची म्हणून त्या तीन बाजू उचकटू नका. एलसीडी कडेने फुटतो तो याच वेळी.

आता कामाला लागू.

फोन बंद करा. गम न लावता सुटलेली कड बोटाने हलकेच टेकवून बघा. फ्रेमशी समतल बसली पाहिजे आणि सोडल्यावर वर उसळू नये. उसळत असेल तर मधला पत्रा वाकलेला राहिलाय किंवा जुन्या गमाचा गोळा आड येतोय. पत्रा वाकला असेल तर पुन्हा दुकान. गोळा असेल तर तो काढायचा आहेच.

सफाईला ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, त्याचा थर राहतो आणि त्यावर गम धरत नाही. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन, यातलं काही नको. पातळ प्लास्टिकच्या कार्डाचा तुकडा कापा, त्याला धागे न सुटणारं कापड गुंडाळा, आयपीएने नुसतं ओलसर करा, टपकणारं नाही. फटीतून फ्रेमच्या पायरीवरून फिरवा. जुना गम लोंबत असेल तर चिमट्याने हळू ओढून घ्या. आत खोल जायचं नाही. कार्ड तीन-चार मिलिमीटरच्या पुढे गेलं तर बॅकलाइटचे कागद लागतील. मग वाळू द्या.

गमाच्या ट्यूबला सुईसारखं तोंड असतं, टोपणात टाचणी असते ती ते उघडं ठेवते. पहिला थेंब कागदावर टाकून द्या. कार्डाने फट किंचित उघडी धरा, ताणू नका. गम काचेवर लावायचा नाही, फ्रेमच्या पायरीवर लावायचा, मिलिमीटरभर धार, अखंड. शेवटी नळी गोल फिरवून उचला, नाहीतर तारा सुटतात आणि त्या नेमक्या काचेवर पडतात. तुमची सुटलेली बाजू पॉवर बटणाची आहे, तेव्हा बटणाच्या खाचेत गम शिरू देऊ नका. वरच्या कडेपर्यंत गेलात तर कानाची जाळी, सेन्सर आणि पुढचा कॅमेरा यांच्याजवळ गमाचा थेंबही नको.

लावल्यावर लगेच टेकवू नका. तीनेक मिनिटं उघडा राहू द्या. हा गम आतला द्राव उडून सुकतो. काच आणि फ्रेमच्या मध्ये तो एकदा बंद झाला की द्रावाला बाहेर यायला फक्त कडेची रेघ उरते. म्हणून आधीच थोडा उडालेला बरा. बोट लावलं तर चिकटेल पण ओढला जाणार नाही, तेव्हा टेकवा.

वर मऊ कापडाची घडी, आणि त्यावर रुंद रबर बँड, सुटलेल्या लांबीवर चारपाच. घट्ट नको. फोन चालू करून बघा. पांढऱ्या पडद्यावर रबराखाली पिवळट किंवा गडद डाग दिसला तर दाब जास्त आहे, सैल करा. बाहेर आलेला गम ओला असताना पुसू नका, तो पसरतो. अर्धवट सुकला की नखाने किंवा कार्डाने घासा, वळी होऊन निघतो.

रबर निदान तीन-चार तास ठेवा, रात्रभर ठेवलेत तर उत्तम. गम पूर्ण पक्का व्हायला २४ ते ४८ तास लागतात आणि तुमच्या पावसाळी हवेत मी ४८ धरते. हेअर ड्रायर मारून घाई केली तर वरची साय धरते आणि आत बुडबुडे होतात. पंख्याखाली ठेवा, खिडकी उघडी ठेवा, गमाचा वास डोक्यात जातो.

खेकडा_मालवण

यानंतर फोन पाण्यात चालेल का? आमच्याकडे होडीवर फोन भिजतोच.

चिमटेवाली_मिरज

नाही. ज्या फोनवर आयपी ६७ लिहिलेलं असतं त्याची चाचणी गोड्या पाण्यात होते, १ मीटर खोल, ३० मिनिटं. खाऱ्या पाण्याचा त्यात समावेश नाही. तो फोनही एकदा उघडला की ती खात्री संपते. त्या मॉडेलचं कापलेलं गॅस्केट (कडेने पाणी अडवणारी पट्टी) आणून नीट बसवलं तर शिंतोडे आणि पाऊस बऱ्यापैकी अडतो. आगळवाल्यांचा फोन मुळात तसा नाहीच, आणि हाताने ओढलेल्या धारेवर मी पाण्याची हमी कधीच देत नाही. होडीवर झिप असलेली जाड पिशवी वापरा.

रंगरसायन_डोंबिवली

सुटणाऱ्या गमाबद्दल ताईंनी लिहिलं त्याला जोडून. हा विचार आता कंपन्यांनाही करावा लागतोय. आयफोन १६ मध्ये बॅटरी अशा गमाने बसवली आहे की ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीच्या दोन तारा ठरावीक जागी लावल्या की दीडेक मिनिटात तो पकड सोडतो. ना उष्णता, ना उचकटणं. फुगलेली बॅटरी काढताना याचं मोल किती आहे हे वरची चर्चा वाचून कळतंच.

आगळवाला_गुहागर

ताई, फ्रेम गडद निळी होती म्हणून टी-७००० आणला. कार्डाने साफ करताना जुन्या गमाचा बराच लगदा निघाला, त्यानंतर कड आपोआप समतल बसली. धार लावली, थांबलो, टेकवला. कापड, रबर, पंखा. आता पडदा सरळ आहे, अंधारात उजेड दिसत नाही. आई कालपासून ऑर्डरी याच फोनवर घेतेय आणि चार्जिंगचा प्लग मी बाहेरच्या खोलीत काढून दिलाय.

एकच राहिलं. गमाची एक बारीक तार वरच्या जाळीच्या टोकाला चिकटून सुकली आहे. आवाज ठीक येतो. आयपीए टाकून काढू का?

चिमटेवाली_मिरज

जाळीवर आयपीए टाकू नका. गम मऊ पडून जाळीच्या भोकांत पसरू शकतो आणि आयपीए आत स्पीकरवर उतरू शकतं. सुकलेलीच राहू द्या. तिचं मोकळं टोक बारीक चिमट्याने धरा आणि जाळीला समांतर, आडवी ओढा, वर नाही. रबरासारखी असल्याने अखंड निघते. मधेच तुटली आणि आवाज स्वच्छ असेल तर उरलेलीला हात लावू नका. आवाज दबका वाटला तर फोन पालथा धरून, म्हणजे जाळी जमिनीकडे, जुना मऊ टूथब्रश कोरडाच फिरवा.